‘मरून परत आला’ आणि ‘अजून श्वास चालू आहे’

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) काय किंवा मडगाव-म्हापशाच्या इस्पितळांत काय, आयसीयूबाहेरच्या बाकड्यांवर दोन वाक्यं वरचेवर कानी पडतात. पहिलं आनंदाचं: "तीन मिनिटं मेला होता, डॉक्टरांनी परत आणला." दुसरं कळवळ्याचं: "छाती वरखाली होतेय, अंग गरम आहे आणि तुम्ही मेला म्हणता?" पहिल्या वाक्यातला माणूस मेला नव्हता, दुसऱ्यातला मेला आहे. चूक एकाच शब्दाची आहे आणि पहिली चूक दुसरीला बळ देते. शेजारच्या खाटेवरचा माणूस मरून परत येत असेल, तर माझा मुलगा का नाही येणार, असं आई विचारते. तिचा तर्क बरोबर आहे. तिच्या हाती दिलेला शब्द चुकीचा आहे आणि तो बहुतेक वेळा वैद्यकातल्याच कुणीतरी दिलेला असतो.

आपली भाषा याबाबत जास्त काटेकोर आहे. ‘मरणाच्या दारातून परत आला’ असं आपण म्हणतो. दारातून. उंबरठा ओलांडून आतून कुणी आला, असं म्हणत नाही. शस्त्रक्रियेत किंवा हृदय बंद पडल्यावर माणसांना जे अनुभव येतात, बोगदा, उजेड, छताजवळून स्वतःचंच शरीर दिसणं, गेलेली माणसं भेटणं, त्यांना मृत्युसमीप अनुभव म्हणतात. ‘समीप’ हा शब्द तिथे विचारपूर्वक आहे. हे अनुभव खरे असतात, ते सांगणारा खोटं बोलत नाही आणि ते टिपून ठेवण्याजोगे आहेत, असं माझं ठाम मत आहे. पण मरण म्हणजे काय, हे ठरवायला ते उपयोगी नाहीत. तो प्रश्न गोव्यात कायद्याच्या एका अर्धवट वाक्यात अडकून पडला आहे. त्याबद्दल लिहायचं तर आधी ऑपरेशन थिएटरमध्ये काय घडतं ते नीट मांडायला हवं.

हृदय थांबलं की मेंदूचं घड्याळ सुरू होतं. सात ते पंधरा सेकंदांत शुद्ध जाते. पंधरा-वीस सेकंदांत ईईजीची, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या नोंदीची, रेघ जवळजवळ सपाट होते. चार-पाच मिनिटांनंतर नेहमीच्या तापमानाला मेंदूच्या पेशींचं नुकसान सुरू होतं. सपाट रेघ म्हणजे पेशी मेल्या असा अर्थ नाही. वीज गेली की गावात अंधार होतो, तारा तुटलेल्या असतातच असं नाही. छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, असे पडत राहिले तर नेहमीच्या एक चतुर्थांशाच्या आसपास रक्त फिरत राहतं. काही रुग्णांना तेवढ्यानेही जाग येते. दाब देताना ते हात हलवतात, डोळे उघडतात, दाब थांबवला की पुन्हा निपचित होतात. अशा माणसाने नंतर खोलीतलं बोलणं जसंच्या तसं सांगितलं तर त्यात चमत्कार शोधायची गरज नाही. त्याला ऐकू येत होतं.

बायपास शस्त्रक्रियेत तर हृदय मुद्दाम थांबवतात. पोटॅशियमयुक्त द्रावण हृदयाच्या रक्तवाहिन्यांत सोडलं की ते काही क्षणांत शांत होतं आणि तासभर किंवा जास्तच तसं राहतं. त्या वेळात हार्ट-लंग मशीन मिनिटाला साधारण चार-पाच लिटर रक्त फिरवत असतं आणि मेंदूला उपासमार नसते. हृदय थांबणं म्हणजेच मरण असतं, तर बायपास झालेला प्रत्येक गोमंतकीय एकदा मेलेला ठरला असता. हृदय थांबणं ही मरणाची वाट आहे, तिच्या शेवटाला पोचायला वेळ लागतो, आणि तो वेळ किती हे तापमानावर फार अवलंबून असतं. १९९९ मध्ये नॉर्वेत बर्फाच्या ओढ्यात अडकलेल्या ॲना बॉगनहोल्म या डॉक्टर बाईंचं शरीर १३.७ अंशांपर्यंत थंड झालं होतं. त्या वाचल्या आणि पुन्हा कामावर रुजू झाल्या. म्हणूनच थंड पडलेल्या माणसाला ऊब दिल्याशिवाय मृत म्हणायचं नाही, हा नियम आहे.

या विषयावर बोलताना पॅम रेनॉल्ड्स या अमेरिकन गायिकेचं उदाहरण हमखास दिलं जातं. १९९१ मध्ये फिनिक्स शहरात तिच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या धमनीवरचा फुगा काढण्यासाठी डॉ. रॉबर्ट स्पेट्झलर यांनी शस्त्रक्रिया केली. पद्धत अशी: शरीर १५-१६ अंशांपर्यंत थंड करायचं, हृदय थांबवायचं, डोक्यातलं रक्त ओसरू द्यायचं, फुगा काढायचा आणि मग सगळं उलट क्रमाने सुरू करायचं. डोळे चिकटपट्टीने बंद होते. कानांत साच्यात बसवलेली यंत्रं होती. त्यांतून मोठ्याने टकटक आवाज सोडत मेंदूस्तंभ (मेंदूच्या तळाचा देठ, ब्रेनस्टेम) त्याला प्रतिसाद देतो का, हे सतत मोजलं जात होतं. शुद्धीवर आल्यावर तिने कवटी कापायच्या करवतीचं वर्णन केलं, ती इलेक्ट्रिक टूथब्रशसारखी दिसत होती म्हणाली आणि मांडीतल्या धमन्या लहान आहेत असं एक बाईमाणूस बोलल्याचं सांगितलं. दोन्ही खरं निघालं.

एवढंच ऐकलं की माणूस थक्क होतो. पण घड्याळ बघा. करवत चालली आणि धमन्यांबद्दल बोलणं झालं, ते शरीर थंड करायला सुरुवात होण्याच्याही आधी. त्या वेळी हृदय चालू होतं, रक्त फिरत होतं, रुग्ण भुलीखाली होती. रक्त थांबलेल्या त्या मधल्या काळात खोलीत घडलेली आणि पुढे पडताळता आलेली अशी एकही गोष्ट तिच्या सांगण्यात नाही. उजेडाकडे जाणं, आजी भेटणं, या आठवणी नेमक्या कुठल्या मिनिटाच्या, हे ठरवायला काही साधन नाही. डच भूलतज्ज्ञ जेराल्ड वॉरली यांनी दाखवून दिलं की ऐकू आलेला भाग भुलीतल्या जागेपणाने समजावून सांगता येतो. कानांतल्या टकटकीत एवढं ऐकू येईल का, यावर वाद आहे आणि तो रास्त आहे. मात्र ती ‘मेलेली असताना’ तिने पाहिलं, हे विधान त्या शस्त्रक्रियेच्या नोंदींवर टिकत नाही.

भुलीतला जागेपणा हा विषय आपल्याकडे फार कमी बोलला जातो. त्यामुळे या अनुभवांतला मोठा भाग गूढात जमा होतो. भूल ही एकच गोष्ट नसते. झोप, वेदनाशमन आणि स्नायूंची शिथिलता यांची ती मोळी असते आणि तिन्ही औषधं वेगवेगळी असतात. ॲट्राक्युरियम किंवा व्हेक्युरोनियमने स्नायू पूर्ण ढिले पडतात, त्याने झोप मुळीच येत नाही. झोपेचं औषध कमी पडलं आणि शिथिलतेचं पुरेसं असलं, तर रुग्ण जागा असून पापणीही हलवू शकत नाही. हे का घडतं, याची कारणं रोजच्या व्यवहारातली आहेत. भुलीचा गॅस सोडणारा व्हेपोरायझर रिकामा होतो. नळी घातल्यावर गॅस सुरू करायला उशीर होतो आणि सुरुवातीचं इंजेक्शन तोवर उतरलेलं असतं. शिरेतून झोपेचं औषध देणारा पंप चालू असतो, पण सुई शिरेबाहेर सरकलेली असते आणि हात कापडाखाली झाकलेला असतो. दोन सिरिंजांवरची नावं बदलतात. तातडीच्या सिझेरियनमध्ये बाळासाठी भूल हलकी ठेवतात. ब्रिटन-आयर्लंडमधल्या २०१४ च्या मोठ्या पाहणीत रुग्णांनी आपणहून सांगितलेल्या तक्रारी १९,००० भुलींमागे एक अशा निघाल्या. स्नायूशिथिलक वापरलेल्यांत हेच प्रमाण सुमारे ८,००० मागे एक होतं आणि पूर्ण भूल दिलेल्या सिझेरियनमध्ये ६७० मागे एक. शस्त्रक्रियेनंतर ठरवून विचारलं तर प्रमाण कितीतरी वाढतं, हजारामागे एक-दोन पर्यंत जातं.

विचारणं अवघड नाही. पाच प्रश्न आहेत: झोप लागण्यापूर्वीची शेवटची आठवण कोणती? जाग आल्यावरची पहिली कोणती? मधलं काही आठवतं का? स्वप्नं पडली का? सगळ्यांत वाईट काय वाटलं? हे एकदा रिकव्हरीत, मग एक-दोन दिवसांनी, मग आठवडाभराने विचारायचे, कारण कित्येकांना आठवण उशिरा वर येते. प्रश्न मराठीत किंवा कोंकणीत, रुग्णाच्या बोलीत हवेत. "काही त्रास झाला नाही ना?" असं राउंडमध्ये उभ्याउभ्या विचारलं तर उत्तर "नाही" हेच येणार. थिएटरमध्ये श्वासातल्या गॅसचं प्रमाण ठरावीक पातळीखाली गेलं तर वाजणारा अलार्म चालू ठेवणं आणि शिरेतून भूल देताना सुईची जागा डोळ्यांसमोर ठेवणं, या दोन गोष्टींना खर्च जवळजवळ नाही.

मग सगळेच अनुभव जागेपणाचे का? नाही. हृदय बंद पडून वाचलेल्यांचा अभ्यास वेगळा आहे. २००१ मध्ये नेदरलँड्समधल्या दहा इस्पितळांतल्या ३४४ रुग्णांपैकी ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्क्यांनी, असा अनुभव सांगितला. बाकीच्यांना तशीच अवस्था येऊनही काहीच आठवत नव्हतं. डॉ. सॅम पार्निया यांच्या गटाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २,०६० घटना होत्या. ३३० रुग्ण जगले, १४० बोलू शकले, १०१ जणांची सविस्तर मुलाखत झाली. इस्पितळांत उंच फळ्यांवर छताकडे तोंड करून चित्रं ठेवली होती, शरीराबाहेर तरंगणाऱ्यालाच दिसतील अशी. ती कुणालाही दिसली नाहीत, पण बहुतेक वेळा हृदय बंद पडलं ते फळी नसलेल्या खोलीत, हेही सांगायला हवं. एका माणसाचं खोलीतल्या घडामोडींचं वर्णन जुळलं. त्यांच्याच २०२३ च्या पुढच्या अभ्यासात ५६७ घटनांपैकी ५३ जण घरी गेले आणि २८ जणांशी बोलता आलं. छातीदाब चालू असताना काहींच्या ईईजीत अर्ध्या-पाऊण तासानंतरही जवळजवळ नेहमीसारख्या लहरी अधूनमधून दिसल्या. मला यातली ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मेंदू बंद पडलेला असताना मन चालू होतं, असा याचा अर्थ लागत नाही. मेंदू आपण समजत होतो तितका लवकर आणि तितका पूर्ण बंद पडत नाही, असा लागतो.

प्राण्यांतही तसंच दिसलं. मिशिगन विद्यापीठात २०१३ मध्ये नऊ उंदरांचं हृदय थांबवल्यावर पहिल्या तीस सेकंदांत मेंदूत वेगवान, सुसूत्र लहरींची उसळी नोंदली गेली. त्याच गटाला पुढे मरणासन्न चार माणसांपैकी दोघांत असंच काही दिसलं. बोगदा दिसण्याचं कारण बहुधा डोळ्यात आहे: रक्तदाब उतरला की नजर कडेकडून मध्याकडे मिटत जाते. जोरदार गिरकीत लढाऊ वैमानिकांना हाच बोगदा दिसतो, तो दाबोळीच्या नौदल तळावरच्यांनाही परका नसेल.

आणि बोगदा सगळ्यांना दिसतही नाही. बंगळूरच्या निम्हान्समधल्या डॉ. सतवंत पसरीचा आणि इयन स्टीव्हन्सन यांनी १९८६ मध्ये भारतातले सोळा अनुभव मांडले. त्यांत यमदूत येतात, माणसाला घेऊन जातात, वही उघडली की चुकीचा माणूस आणल्याचं लक्षात येतं आणि त्याला परत पाठवतात. पाश्चात्त्यांच्या वर्णनात असा हिशेबनीस नाही. वटपौर्णिमेला सत्यवानाची कथा ऐकत वाढलेल्या मेंदूने संकटात ओळखीची चित्रं काढावीत, यात त्या अनुभवाचा अपमान नाही. वाचलेल्या माणसाचं आयुष्य त्याने बदलतं, भीती कमी होते. डॉक्टरने त्याला हसण्यावारी नेणं किंवा मानसोपचाराकडे पिटाळणं ही क्रूरता आहे. फक्त त्या सोळांपैकी ज्याला यमाच्या दरबारातून परत पाठवलं, त्याचा मेंदूस्तंभ शाबूत होता. परत येऊन बोलला, यातच त्याचा पुरावा आहे.

आता मरणाकडे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यू म्हणजे जिवंत जन्मानंतर केव्हाही जीवनाच्या सर्व खुणा कायमच्या नाहीशा होणं. यात ‘कायमच्या’ हा शब्द कळीचा आहे. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा त्यापुढे जाऊन सांगतो की हे दोन मार्गांनी होऊ शकतं: हृदय आणि श्वास थांबून किंवा मेंदूस्तंभाची सर्व कामं कायमची आणि परत न येण्यासारखी थांबून. हा कायदा ४ फेब्रुवारी १९९५ ला अमलात आला तेव्हा केंद्रशासित प्रदेशांबरोबर तो लागू असलेली राज्यं तीनच होती: महाराष्ट्र, हिमाचल प्रदेश आणि गोवा. याचा आपल्याला विसर पडला आहे. बाकीच्यांपैकी बहुतेक राज्यांनी नंतर ठराव करून तो स्वीकारला, आपण पहिल्या दिवसापासून त्यात आहोत.

हृदयाच्या मार्गाने मरण ठरवताना रेघ सपाट झाल्यावर पाच मिनिटं थांबायची पद्धत आहे. ती मनमानी नाही. उपचार काढून घेतलेल्या ६३१ रुग्णांच्या २०२१ मधल्या अभ्यासात थांबलेलं हृदय काहींत आपणहून थोडं हललं, पण सर्वांत उशिरा ४ मिनिटं २० सेकंदांनी. त्यांतला एकही वाचला नाही किंवा शुद्धीवर आला नाही.

मेंदूस्तंभाचा मार्ग जास्त गैरसमजाचा आहे, म्हणून त्याच्या चाचण्या तपशिलाने सांगतो. करंगळीपेक्षा थोड्या जाड अशा या देठात श्वासाचं केंद्र आहे, जागेपणाची कळ आहे आणि डोळे-घसा-चेहऱ्याच्या नसांची मुळं आहेत. चाचणीला हात घालण्याआधीच अर्धं काम असतं. मेंदूला काय झालं, हे माहीत असावं आणि सीटी स्कॅनमध्ये दिसावं. शरीराचं तापमान ३६ अंशांच्या वर, वरचा रक्तदाब १०० च्या वर, सोडियम आणि साखर धड. झोपेची औषधं उतरलेली हवीत: मूत्रपिंडं बिघडलेली असली तर मिडाझोलाम दिवसच्या दिवस रेंगाळतं. स्नायूशिथिलक उतरलं का, हे नसेला विजेचे चार झटके देऊन बघायचं.

कोकणपट्टीत आणखी एक सापळा आहे: मण्यार. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते, दंश दुखत नाही, खूण सापडत नाही. पहाटे पापण्या पडतात, मग बोलणं, मग श्वास. व्हेंटिलेटरवर गेलेल्या या रुग्णाच्या बाहुल्या विस्फारून स्थिर होऊ शकतात, एकही प्रतिक्षेप (रिफ्लेक्स) सापडत नाही, हुबेहूब ब्रेन डेड. आणि आतून तो पूर्ण जागा असतो, सगळं ऐकत असतो. सर्पविषरोधी लस आणि काही दिवस-आठवडे व्हेंटिलेटर, एवढ्यावर तो चालत घरी जातो. म्हणून सत्तरी-काणकोणसारख्या भागातून कारण न कळता बेशुद्ध आलेल्या रुग्णाच्या बाबतीत स्कॅन स्वच्छ असेल तर या चाचण्यांचा विचारसुद्धा करायचा नाही. मृत्युसमीप म्हणावा असा सर्वांत भयाण अनुभव मण्यारीचे रुग्ण घेतात आणि तो टाळणं आपल्या हातात आहे: त्याच्या खाटेशी त्याला मेलेला समजून बोलू नये.

मग एकेक नस. बाहुल्यांवर झगझगीत उजेड. बुबुळाला कापसाची टोकदार वात. डोळ्याच्या वरच्या कडेवर अंगठ्याने दाब. मानेला इजा नसेल तर डोकं दोन्हीकडे फिरवून डोळे कसे वळतात, ते बघणं. घशात आणि श्वासनलिकेत सक्शनची नळी घालून ठसका येतो का, ते पाहणं. कानात बर्फाचं पाणी, पडदा फाटलेला नाही हे पाहून, डोकं तीस अंश उचलून, ५० मिलिलिटर सोडायचं आणि मिनिटभर डोळ्यांकडे बघायचं. दुसऱ्या कानासाठी पाच मिनिटं थांबायचं. जिवंत मेंदूस्तंभात डोळे त्या कानाकडे हळूहळू सरकतात, इथे ते हलत नाहीत.

शेवटी ॲप्निया, म्हणजे श्वास थांबल्याची, चाचणी. दहा मिनिटं शंभर टक्के प्राणवायू द्यायचा, रक्तातला कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५ मिमी पाऱ्यावर आणायचा, मग व्हेंटिलेटर काढायचा. बारीक नळी श्वासनलिकेत जवळजवळ फाट्यापर्यंत घालून मिनिटाला सहा लिटर प्राणवायू चालू ठेवायचा आणि छाती-पोट उघडं ठेवून आठ ते दहा मिनिटं नुसतं बघत उभं राहायचं. कार्बन डायऑक्साइड मिनिटाला तीनेक मिमीने चढत जातो. तो ६० वर किंवा सुरुवातीपेक्षा २० ने वर गेला, तरीही एकही श्वास घेतला गेला नाही, तर श्वासाचं केंद्र गेलं. चुका इथेही होतात. नळी फार जाड असली तर हवेला बाहेर यायला वाट राहत नाही आणि फुप्फुस फुटू शकतं. प्राणवायूचा वेग फार ठेवला तर कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो आणि चाचणीला अर्थ उरत नाही. रक्तदाब कोसळला किंवा प्राणवायू ८५ टक्क्यांखाली गेला तर थांबायचं आणि नंतर पुन्हा करायची. फुप्फुसांच्या जुनाट विकाराच्या (सीओपीडी) रुग्णाचा मुळातला आकडाच चढा असू शकतो, तिथे ६० वर विसंबायचं नाही.

ही सगळी तपासणी पुन्हा, किमान सहा तासांनी. चार डॉक्टर सही करतात: इस्पितळाचे प्रमुख किंवा त्यांचा अधिकृत डॉक्टर, मान्यताप्राप्त यादीतला एक तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूशल्यविशारद आणि उपचार करणारा डॉक्टर. मेंदूचा तज्ज्ञ नसेल तर २०११ च्या दुरुस्तीने शल्यविशारद किंवा फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ किंवा इंटेन्सिव्हिस्ट चालतो. प्रत्यारोपण करणाऱ्यांपैकी कुणीही यात नसतो. इतक्या चाळण्यांतून गेलेला माणूस आणि ‘तीन मिनिटं मेलेला’ माणूस यांच्यात साम्य काहीच नाही.

तरी घरच्यांना दिसतं ते वेगळंच. व्हेंटिलेटर छाती हलवतोय. हृदयाचा स्वतःचा ठेका असल्याने मॉनिटरवर ठोके आहेत. पायाला स्पर्श केला की बोटं आवळतात. क्वचित दोन्ही हात उचलून छातीवर येतात, ते पाहून एखादी नर्ससुद्धा हादरते. हे मणक्यातल्या मज्जारज्जूचं काम आहे, मेंदू नसतानाही ते होतं. त्याहून फसवा प्रकार व्हेंटिलेटरचा. रुग्णाने श्वास ओढल्याचं ओळखणारा ट्रिगर फार हळवा ठेवला की हृदयाच्या धडधडीने, नळीत साठलेल्या पाण्याने किंवा बारीक गळतीने यंत्राला वाटतं की रुग्णाने श्वास ओढला आणि पडद्यावर तशी खूण उमटते. "बघा, स्वतः घेतोय!" हे वाक्य बऱ्याचदा एवढ्यावरच उभं असतं. नळ्यांतलं पाणी काढा, ट्रिगर बदला, खूण जाते.

आता तो अर्धवट राहिलेला मुद्दा. मेंदूस्तंभ मृत्यू कायद्यात आला तो अवयवदानाच्या कायद्यातून. घरचे दानाला हो म्हणाले तर मेंदूस्तंभ मृत्यूचा फॉर्म १० भरला जातो, माणूस मृत ठरतो, दाखला मिळतो. घरचे नाही म्हणाले तर? त्याच खाटेवरच्या, त्याच अवस्थेतल्या शरीराचा व्हेंटिलेटर काढायचा का, यावर कायदा स्पष्ट बोलत नाही. डॉक्टर खटल्याच्या धास्तीने यंत्र चालू ठेवतात. शरीर लघवीतून लिटरच्या लिटर पाणी सोडत राहतं, सोडियम चढतं, तापमान घसरतं आणि बहुधा काही तासांत-दिवसांत हृदय थांबतं. तोवर घरच्यांना रोज सांगितलं जातं की ‘प्रकृती गंभीर आहे’. मेलेल्याची प्रकृती गंभीर नसते. आणि लोकांनी यातून काढलेला निष्कर्ष अगदी तर्कशुद्ध आहे: अवयव दिले तरच हे लोक मेला म्हणतात, म्हणजे अवयवांसाठीच म्हणत असावेत. दानाला येणाऱ्या नकारामागे श्रद्धा असेल थोडी, हा संशय जास्त आहे, आणि तो कायद्याच्या रचनेनेच पेरला आहे.

केरळने २०२० मध्ये मेंदूस्तंभ मृत्यूची घोषणा दानापासून वेगळी करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. मृत्यू आधी ठरेल, दानाचा प्रश्न नंतर आणि स्वतंत्र. गोव्यानेही तसा आदेश काढावा, असं मी म्हणतो. इथली जमीन त्याला तयार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेल्या आणि जानेवारी २०२३ मध्ये सोप्या केलेल्या वैद्यकीय इच्छापत्राची अंमलबजावणी करण्यात गोवा पुढे राहिला. गोवा खंडपीठातले तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी २०२४ मध्ये स्वतःचं इच्छापत्र नोंदवून सुरुवात केली. पण इच्छापत्र मरणाआधीच्या उपचारांसाठी असतं. मेलेल्या शरीराचं यंत्र काढायला त्याची, दोन वैद्यकीय मंडळांच्या मंजुरीची आणि त्यासाठीच्या अठ्ठेचाळीस तासांची गरज पडू नये.

आणखी एक कारण खास गोव्याचं आहे. पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतल्या आपल्या वारसा कायद्यात वारसाहक्क मृत्यूच्या क्षणी उघडतो. एकाच अपघातात नवरा-बायको गेले, एक जागच्या जागी आणि दुसरं व्हेंटिलेटरवर, तर कोण कुणामागे गेलं यावर वाटण्या फिरतात. आपल्याकडे मेंदूस्तंभ मृत्यूची वेळ दुसरी चाचणी पूर्ण होण्याची धरतात. घोषणाच केली नाही तर हृदय थांबेल ती वेळ लागते, चार दिवसांनंतरचीसुद्धा. मरणाची तारीख दानाच्या होकार-नकारावर ठरावी, हे कुठल्याही नोटरीला पटणार नाही.

धर्माचा अडसर मानला जातो तेवढा नाही. भूलतज्ज्ञांनीच विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देताना १९५७ मध्ये पोप पायस बारावे यांनी सांगितलं होतं की मरणाचा क्षण ठरवणं हे डॉक्टरांचं काम आहे आणि असाधारण उपचार चालू ठेवण्याचं बंधन नाही. २००० मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी मेंदूवरून मृत्यू ठरवण्याचा निकष नैतिकदृष्ट्या मान्य होण्यासारखा असल्याचं म्हटलं. हिंदूंच्या बाजूने पाहिलं तर प्राण म्हणजे श्वास, आणि ॲप्निया चाचणी नेमकं तेच विचारते.

आक्षेप खरे आहेत आणि ते टाळू नयेत. सर्वांत अवघड आक्षेप कॅलिफोर्नियातल्या एका तेरा वर्षांच्या मुलीचा आहे. २०१३ मध्ये घशाच्या शस्त्रक्रियेनंतर ती मेंदूमृत ठरली, कुटुंबाने न्यू जर्सीला हलवलं आणि व्हेंटिलेटरवर तिचं शरीर २०१८ पर्यंत टिकलं, वाढलं, वयात आलं. म्हणजे मेंदूमृत शरीर नेहमीच काही दिवसांत थांबतं, असं सांगणं चूक आहे आणि ते सांगायचं सोडलं पाहिजे. पण तिला स्वतःचा श्वास कधी परत आला नाही. अमेरिकेत संपूर्ण मेंदूचा निकष आहे, ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे मेंदूस्तंभाचा. या दोहोंच्या सीमेवर शंका घेणारे विचारवंत आहेत आणि त्यांनी ती घेत राहावी. व्यवहारात मला एवढंच दिसतं की नीट पार पाडलेल्या चाचण्यांनंतर कुणी बोललेलं नाही. मुंबईच्या केईएम इस्पितळात वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांचं उदाहरण इथे चुकून जोडलं जातं. त्यांचा मेंदूस्तंभ जिवंत होता, त्या स्वतः श्वास घेत होत्या. त्या मेंदूमृत नव्हत्या, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालातही स्पष्ट आहे.

आदेशात काय असावं? संशय आला की चाचणी सक्तीची, दानाचा विषय न काढता. प्रत्येक आयसीयूत छापील तपासणी-पत्रक, त्यात पहिल्या ओळीला कारण आणि स्कॅन, दुसरीला औषधं, तिसरीला तापमान. दुसऱ्या चाचणीनंतर चौघांच्या सह्या आणि मृत्यूची वेळ. मग घरच्यांना बसवून, त्यांच्या बोलीत, "ते वारले" हेच शब्द. ‘मेंदू मेलाय पण…’ असं वाक्य बोलायला बंदी. निरोपासाठी काही तास. दान विचारणारी व्यक्ती वेगळी आणि ती या तासांनंतर यावी. घरच्यांनी नकार दिला तरी दाखला निघावा आणि यंत्र काढलं जावं.

आणि दुसऱ्या ॲप्निया चाचणीला घरचा एक माणूस, इच्छा असेल तर, खाटेशी उभा असावा. आधी त्याला सांगायचं की हात हलू शकतात. मग यंत्राची नळी काढायची, चादर कमरेपर्यंत खाली घ्यायची, भिंतीवरचं घड्याळ दाखवायचं आणि त्याला छातीकडे बघू द्यायचं, दहा मिनिटं.